काळ्या रंगातलं कुंपण

लग्न उद्यावर आलं होतं आणि घरात भांडण लागलं होतं ते गाडीच्या पत्र्याला पडलेल्या पोच्यावरून. म्हणजे वरवर पाहता पोच्यावरून. या घरात भांडणं ज्या गोष्टीवरून लागतात त्या गोष्टीची नसतातच, हे डाग्नीला इथे सून म्हणून आल्यापासून माहीत होतं. ती ओट्याशी उभी राहून ब्रेडच्या थरांवर कोळंबी आणि उकडलेलं अंडं पसरत होती. उद्यासाठी असे तीन मोठे केक करायचे होते, आणि पहिल्यालाच शेपू कमी पडणार अशी लक्षणं होती.

"संध्याकाळपर्यंत गाडी परत देतो म्हणालाय तो," स्टाफन म्हणाला. "माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे. मडगार्ड घासायचं, खड्ड्यात लांबीचा लगदा भरायचा, वरून रंग मारायचा. काम खलास. उद्या फोटोत कोणाला कळणारसुद्धा नाही."

"आई, त्याला सांग," अनेली काकडीवरून नजर न उचलता म्हणाली, "की रंग वाळायला वेळ लागतो. माझ्या तूवाचा नवरीचा पांढरा झगा त्या मडगार्डला टेकला की सगळ्यांना कळेल."

"आई, तिला सांग की हल्ली भट्टीत वाळवतात."

डाग्नीने कोणालाच काही सांगितलं नाही. तळ्याकाठच्या होडीघरावरून गेल्या उन्हाळ्यात बिनसल्यापासून तिची ही दोन मुलं एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलत. दोघंही पन्नाशीच्या पुढची. लहानपणी बरी होती, निदान चावायची तरी थेट.

आजची गंमत अशी की दोघांनी बाजू बदलल्या होत्या. स्टाफन हा बापाचा मुलगा. त्याच्या मागे मागे पाने आणि चिंध्या घेऊन हिंडलेला. आणि अनेलीने त्या जुन्या कुबडाच्या काळ्या वोल्वोचा जन्मभर राग केला. तिच्या बालपणाचे सगळे रविवार त्या गाडीने खाल्ले होते. आणि आज स्टाफन म्हणत होता घासून टाका, आणि अनेली गाडीच्या रंगासाठी सुरी परजत होती.

"कारखान्यातून आला तो रंग आहे तो," ती म्हणाली. "बाबाने जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले, पण रंगाला हात लावू दिला नाही कोणाला. नवा काळा जुन्या काळ्याशेजारी मेला तरी जुळत नाही. हे मला, मला माहीत आहे. आणि याला नाही."

"मला माहीत आहे. पण बाबाचं वय काय झालंय, हे कोणी बघणार आहे का? आणि मुळात तो पोचा पडला कसा?"

"रानातला एल्क टेकून उभा राहिला म्हणे, एवढं मोठं सांबर."

"गाडीला?"

"सफरचंदं खायला आला होता."

"जूनमध्ये कुठली सफरचंदं?" स्टाफन म्हणाला, आणि क्षणभर दोघंही हसण्याच्या बेतात आली. मग आपण थेट बोललो हे लक्षात आल्यासारखा स्टाफन आईकडे वळला. "बरं, आई, लग्नाच्या तंबूचे दोर काही केल्या बसेनात. रस्त्याकडचं कुंपण काढावं लागलं. मी आणि आपल्या नवरदेवाने, मेल्करने, पट्ट्या सोडवून लाकडाच्या शेडमागे रचून ठेवल्यात. सोमवारी परत ठोकतो. बाबाला आत्ताच सांगू नकोस, उगाच डोकं फिरवून घेईल."

"हं," डाग्नी म्हणाली. तिचं अर्धं लक्ष शेपूत होतं, आणि उरलेलं अर्धं एप्रनच्या खिशात.

खिशात गाडीच्या किल्ल्या होत्या.

एल्क वगैरे काही आला नव्हता. आठवड्यापूर्वी तिच्या नवऱ्याने, सिक्स्टेनने, गाडी धुवायला बाहेर काढली, वळवली, आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपात घातली. ते पिंप अंगणात त्याच जागी वर्षानुवर्षं होतं. डाग्नीने खिडकीतून पाहिलं. जणू पिंप तिथे नाहीच, असा तो सावकाश, निवांत त्याच्यावर गेला. पिंप प्लास्टिकचं, त्यामुळे रंग शाबूत राहिला, पण पत्रा तळहाताएवढा आत गेला. मग तो खाली उतरला, पोच्यावर हात ठेवला, आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे मान फिरवली. डाग्नी पडद्यामागे सरली. आपल्या नवऱ्यापासून लपायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. त्याच संध्याकाळी तिने किल्ल्या खुंटीवरून काढल्या. त्याने एकदाही विचारलं नाही.

हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार. कडेकडेने दिसत राहील, समोरचं जाईल. गाडी बंद. परतताना बसमध्ये सिक्स्टेनने तिकिटाची घडी घातली. मग म्हणाला, "तूवाच्या लग्नाआधी मीच सांगेन सगळ्यांना. तू बोलू नकोस." डाग्नी "हं" म्हणाली होती. त्या एवढ्याशा "हं"चं ओझं ती तेव्हापासून वागवत होती.

कारण तूवाला त्याने शब्द दिला होता. अनेलीने पोरीला एकटीने वाढवली. म्हणजे अर्धी तिने आणि अर्धी या अंगणाने. तूवा गुडघ्याएवढी असल्यापासून ठरलेलं होतं की लग्नाच्या दिवशी आजोबा तिला या गाडीतून चर्चला नेणार. इथे मुलीचा हात धरून कोणी तिला वेदीपर्यंत सोडत नाही. नवरानवरी जोडीनेच आत जातात. मग थोरल्यांच्या वाट्याला उरतं काय, तर स्टिअरिंग. ते त्याचं होतं. उद्या तूवा त्या गाडीत बसणार, मेल्कर तिच्याशेजारी बसणार, आणि तळ्याच्या वळणावर समोरून कोणी आलं तर ते सिक्स्टेनला दिसणार नाही. डाग्नीला झोपेतसुद्धा ते वळण दिसू लागलं होतं.

आज बोलायचंच, असं तिने सकाळी ठरवलं. कॉफीच्या वेळी ठरवलं. आत्ता परत ठरवलं.

"डाग्नी," अंगणातून हाक आली. "तुझी गरम पाण्याची पिशवी दे. पत्रा गारठलाय."

सिक्स्टेनने भांडणाचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. गाडी कुठेही जाणार नाही, पोचा तो स्वतः काढणार. सकाळी स्टाफन आणि मेल्करने गाडी ढकलून अंगणात आणली होती आणि उजवीकडचं पुढचं चाक काढून दिलं होतं. सिक्स्टेन लाकडी स्टुलावर बसला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत मडगार्डच्या पोटात होता.

डाग्नीने पिशवी टॉवेलात गुंडाळून पोच्यावर धरली. गार पत्र्यावर जुना रंग काचेसारखा होतो, दाबला की तडकतो. नव्या नवरीच्या दिवसांत तिने हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस पत्र्याशी जितक्या मायेने बोलतो तितका माझ्याशी बोलेल का? बोलला. वेळ लागला, पण बोलला.

"बस, ऊब आली," तो म्हणाला. पोच्यावर त्याने जुना सुती रुमाल पसरला आणि त्यावरून डाव्या हाताची बोटं फिरवली. उघड्या बोटांना जे लागत नाही ते कापडातून लागतं. मग आतून ती टोक गुळगुळीत केलेली वाकडी सळई टेकवली आणि दाबायला लागला. मधे नाही. मधे दाबलं की पत्रा फुगतो आणि बाहेर पुळी येते. कडेने, गोल गोल, थोडं थोडं. डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा पेंगतोय.

डाग्नी ओट्याशी परत गेली नाही. केक राहिला तर राहिला. अनेली कॉफीचा ट्रे घेऊन आली आणि तिथेच थांबली. स्टाफन तंबूचा खुंटा ठोकता ठोकता हातोडी खाली ठेवून आला. तूवा केसांना गुंडाळ्या लावलेल्या अवस्थेत पायरीवर येऊन बसली. सिक्स्टेन काम करताना या घरात नेहमी असंच व्हायचं. कोणी बोलवायचं नाही आणि सगळे जमायचे.

रुमालाखालची छाया हळूहळू आटत गेली. खोलगट होतं ते उथळ झालं, उथळ होतं ते नुसतं मळभ राहिलं. आता शेवटचं काम डोळ्यांचं होतं. बोटांना पोचा कळतो, पण शेवटचा केसभर बाक डोळ्यांनाच कळतो, हे त्यानेच घरातल्या सगळ्यांना शिकवलेलं. त्यासाठी गाडी नेहमी कुंपणासमोर लावायची. पांढऱ्या पट्ट्यांचं कुंपण काळ्या रंगात आरशासारखं उतरायचं, आणि जिथे पट्टी वाकडी दिसेल तिथे पत्रा वाकडा. लहानपणी स्टाफन आणि अनेली याच अंगणात पैजा लावत, कोणाला वाकडी पट्टी आधी दिसते.

सिक्स्टेनने रुमाल उचलला. मान थोडी मागे घेतली आणि एक डोळा बारीक केला, नेहमीसारखा.

"या, बघा," तो म्हणाला. आवाजात समाधान होतं. "म्हणे लांबी भरा. कुंपण बघा कसं उतरलंय. सगळ्या पट्ट्या सरळ, जशा ठोकल्या तशा."

स्टाफन आणि अनेली वाकून बघायला लागले.

काळ्या मडगार्डमध्ये एकही पट्टी नव्हती. तिथे तंबूची पिवळसर पांढरी बाजू दिसत होती, सलग, सपाट, वाऱ्याने जराशी हलणारी. कुंपण सकाळपासून शेडमागे पडलं होतं.

डाग्नीला वाटलं, मला सांगायला हवं होतं. सकाळी सांगायला हवं होतं, हिवाळ्यातच सांगायला हवं होतं. तिने स्टाफनकडे पाहिलं. तो कुंपणाच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. अनेलीने हातातला ट्रे खाली गवतावर ठेवला. परत सरळ उभी राहिली तेव्हा तिने आईकडे बघितलं. तुला ठाऊक होतं, असं ती नजर म्हणत होती. डाग्नीने मान खाली घातली.

"काय झालं?" सिक्स्टेन म्हणाला. "जीभ गिळलीत का सगळ्यांनी?"

तूवा पायरीवरून उठली. गुंडाळ्या सांभाळत मडगार्डपाशी उकिडवी बसली, गाल जवळजवळ पत्र्याला लावून.

"सरळ कुठे, आजोबा," ती म्हणाली. "तिसरी पट्टी अजून वाकलीय."

"कुठली तिसरी? कुठून?"

"डावीकडून. मधे पोट आलंय तिला."

"पोट आत की बाहेर?"

तूवाने मान वळवून मागे पाहिलं. तिला पुढचं खोटं सुचत नव्हतं. नुसत्या तंबूत बाक दिसत नाही. अंदाजाने सांगितलं असतं तर त्याने अंदाजाने दाबलं असतं, आणि पत्र्यावर पुळी आली असती.

स्टाफन हलला तो तेव्हा. पावलांचा आवाज न करता तो शेडमागे गेला आणि काखेत पट्ट्या घेऊन आला. तंबूपुढे उभा राहिला, बाकीच्या गवतावर ठेवल्या आणि दोन हातांत दोन पट्ट्या उभ्या धरल्या. दोनच. तेवढ्याने कुंपण होत नाही. अनेली क्षणभर बघत राहिली. मग गवतावरच्या पट्ट्या उचलून तीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. होडीघरानंतर इतक्या जवळ ती दोघं उभी राहिली नव्हती.

"सरळ धर ना," ती कुजबुजली.

"तुझीच वाकडी आहे."

"खांदा वर कर. लहानपणापासून तुझा एक खांदा पडलेला आहे."

"आणि तुझी जीभ."

डाग्नीने तोंडावर एप्रन धरला. हसू येत होतं की रडू, हे तिला तपासून बघायचं नव्हतं. काळ्या मडगार्डमध्ये तंबूच्या पिवळसर कापडापुढे चार पांढऱ्याशुभ्र पट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. जराशा थरथरत होत्या, पण पट्ट्या होत्या. आणि त्यांतली तिसरी खरोखरच मधे वाकली होती.

"आत," तूवा म्हणाली. आता तिच्या आवाजात खात्री होती. "पोट आत. तुझी सळई आहे तिथून एक बोट वर."

"इथे?"

"जरा डावीकडे. हां. दाब. अजून. हळू, आजोबा. बस."

"आता?"

"आता मधे सरळ झाली, पण खाली शेपटी राहिली."

"शेपटी राहतेच," सिक्स्टेन म्हणाला. त्याचं कपाळ घामाने चमकत होतं आणि चेहरा असा खुलला होता की डाग्नीला कारखान्याच्या फाटकाशी सायकल धरून उभा असलेला पोरगा आठवला. "शेपटीला घाई करायची नसते. सांग."

तूवा सांगत गेली आणि तो दाबत गेला. एकदा त्याने जास्त दाबलं तेव्हा ती "पुळी" म्हणाली आणि त्याने लाकडी खुंटी ठेवून मोगरीने वरून अलगद टिचक्या मारल्या. स्टाफनचे हात अवघडले होते. अनेलीने कोपराने त्याच्या कोपराला आधार दिला. डाग्नी मात्र पट्ट्या बघतच नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. या हातांच्या कामाला कोणी वाईट म्हणू शकलं नसतं, अगदी उद्यासुद्धा.

"झालं," तूवा म्हणाली. "खरंच झालं, आजोबा. चारही सरळ."

"चारही?"

तिने ओठ चावला. कुंपणाला कितीतरी पट्ट्या होत्या.

सिक्स्टेनने हात मडगार्डच्या पोटातून बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठला. मग त्याने नेहमी करायचा ते केलं. चार पावलं कुंपणाकडे गेला आणि रुमाल वाळत घालायला हात पुढे केला. कोपऱ्यातली पट्टी त्या रुमालाची होती, इतकी की तिच्या टोकावर काळा डाग पडला होता.

स्टाफन झटकन पुढे झाला आणि हातातली पट्टी रुमालाखाली धरली. रुमाल त्यावर लटकला.

सिक्स्टेन वळणार होता, पण वळला नाही. कुंपण कधी हलत नाही आणि हे हललं होतं. त्याने पट्टीच्या टोकाला हात लावला. तिथून बोटं खाली घसरत गेली, लाकडावरून, खिळ्याच्या भोकावरून, आणि स्टाफनच्या मुठीवर येऊन थांबली. मूठ घामेजलेली होती. सिक्स्टेनने तिच्यावर अंगठा फिरवला, जसा पत्र्यावर फिरवायचा.

"कुंपणाला हात कधीपासून फुटले?" तो म्हणाला.

"बाबा," स्टाफन म्हणाला.

"आणि तिकडे कोण आहे? श्वास ऐकू येतोय. अनेली?"

"हं, बाबा."

"कुंपण कुठे आहे?"

"शेडमागे," अनेली म्हणाली. "सकाळपासून. तंबूसाठी काढलं."

तो तसाच उभा राहिला, मुलाच्या मुठीवर हात ठेवून. डाग्नीला वाटलं आता तो रागावेल. रागावला असता तर सोपं झालं असतं. पण तो मनातल्या मनात मघाचं आपलं वाक्य परत ऐकत होता, सगळ्या पट्ट्या सरळ, आणि ते वाक्य किती जणांनी ऐकलं होतं ते मोजत होता.

"म्हणजे तुम्ही दोघं," तो शेवटी म्हणाला, "इतका वेळ उभे होतात. एकमेकांशेजारी."

"हो."

"भांडण न करता."

"थोडं केलं," स्टाफन म्हणाला.

सिक्स्टेन हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "एल्क आला नव्हता," तो म्हणाला. "मला पिंप दिसलं नाही. समोरचं दिसत नाही आता. डाग्नीला ठाऊक आहे. तिला बोल लावू नका, मी तिचं तोंड बांधलं होतं."

"बाबा, एल्क तर आम्हाला कोणालाच पटला नव्हता," अनेली म्हणाली आणि डोळे पुसले.

"सफरचंदं चुकली माझी," तो म्हणाला. मग त्याने मान फिरवली, डाग्नी उभी होती तिकडे बरोबर. "डाग्नी. किल्ल्या दे."

तिचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. "कुठल्या किल्ल्या?"

"एप्रनमध्ये आहेत त्या. आठवडाभर तू चाललीस की वाजतायत. रात्री उशीखाली ठेवतेस तेव्हासुद्धा."

तो इतके दिवस ऐकत होता आणि गप्प होता. त्याने विचारलं असतं तर तिला नाही म्हणावं लागलं असतं. आणि तिला ते म्हणावं लागू नये म्हणून त्याने विचारलं नव्हतं. डाग्नीला हे सगळं एकदम कळलं. पण भीती गेली नाही. या क्षणी त्याने गाडीत बसून चावी फिरवली, तर त्याला इतक्या माणसांदेखत खाली उतर म्हणायची ताकद तिच्यात नव्हती. तरी तिने किल्ल्या काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने त्या क्षणभर तोलून बघितल्या.

"तूवा कुठे आहे?"

"इथे," तूवा म्हणाली.

त्याने किल्ल्या आवाजाच्या दिशेने पुढे केल्या.

"तिसरा गिअर हट्टी आहे," तो म्हणाला. "ढकलायचा नाही, त्याला यायला वेळ द्यायचा. उद्या मी शेजारी बसेन. तुझा नवरा मागे बसेल आणि गप्प बसेल. तळ्याच्या वळणाआधी मी सांगेन तसा वेग कमी करायचा. मघाशी तू मला सांगितलंस, उद्या मी तुला सांगेन."

"आजोबा, नवरी गाडी चालवते का कुठे?"

"इथे चालवते," सिक्स्टेन म्हणाला. "आपल्या घरात कुंपण चालत येतं, तर नवरी गाडी चालवायला काय हरकत आहे?"

तूवाने किल्ल्या घेतल्या आणि त्याच्या गळ्यात पडली. केसांच्या गुंडाळ्या त्याच्या कानाला टोचल्या असणार, पण तो हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. डाग्नीचेही आले होते, आणि तिने ते पुसायचा प्रयत्न केला नाही.

स्टाफनने चाक परत बसवलं. अनेली त्याला नट एकेक करून देत होती आणि प्रत्येकाबरोबर सल्लाही देत होती, थेट. मग तूवा स्टिअरिंगमागे बसली आणि सगळं कुटुंब एक फेरी मारून बघायला गाडीत चढायला निघालं. सिक्स्टेन दुसऱ्या बाजूला गेला आणि दारावर हात फिरवत राहिला. इतक्या वर्षांत स्वतःच्या गाडीचं हे दार त्याने बसण्यासाठी कधी उघडलंच नव्हतं. त्याला मूठ सापडेना. डाग्नीने त्याचा हात धरून मुठीवर ठेवला.

"ही माझी जागा," ती म्हणाली.

"माहीत आहे." तो आत बसला, गुडघे कुठे ठेवायचे ते शोधलं, समोरच्या काचेकडे तोंड केलं. "इथे बसून तू इतकी वर्षं काय बघत होतीस?"

"वेगाचा काटा," डाग्नी म्हणाली. मग तिने दार लावून घेतलं, खिडकीत वाकली, आणि पोरं ऐकत होती तरी म्हणाली, "आणि तुला."